कलर मोठा की रन

मी मूळची घाबरट. मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की मी आधी देवाचं नाव घेते, आणि पलीकडून कुणी कर्ज हवंय का एवढंच विचारलं तरी फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा घेते. नवरा म्हणतो, सगळ्या गल्लीच्या वतीनं भिण्याचा ठेका हिनं एकटीनं घेतलाय. पण त्या सकाळी आलेला नंबर खरोखर भिण्यासारखा निघाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गोडाऊनचा वॉचमन बोलत होता. तुमचे वडील इथं आलेत, म्हणाला. सायकलवर आलेत, हातात डबा आहे आणि मला कामाच्या पाळीवर घ्या म्हणतायत.

त्या गोडाऊनच्या जागी पूर्वी टॉवेलचा कारखाना होता. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तिथं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करायचे. त्यांना काम सोडून कैक वर्षं झाली होती आणि त्यांच्या मागोमाग कारखानाही बंद पडून माग भंगारात गेले होते. मी शिकवणीची पोरं तशीच बसवून स्कूटर काढली. पोचले तेव्हा अप्पा वॉचमनच्या खुर्चीत बसून चहा पीत होते, डबा मांडीवर. मला बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जरा चुकलं."

डब्यात त्यांनी स्वतः केलेली भाकरी आणि शेंगाचटणी होती, फडक्यात नीट बांधलेली. रस्ता चुकणं मी समजू शकले असते. पहाटे उठून पीठ मळायचं, भाकऱ्या थापायच्या, डबा भरायचा, सायकल पुसायची आणि एवढं सगळं करून नसलेल्या कामावर निघायचं, हे मला समजून घेता येईना.

आई गेल्यापासून अप्पा शहराच्या पूर्व भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते आणि ते त्यांना मानवलंही होतं. त्या दिवशी मी त्यांना विजापूर रोडला माझ्या घरी आणलं. सायकल टेंपोत घालून आणली, कुलूप लावून जिन्याखाली उभी केली आणि किल्ली माझ्या कपाटात साड्यांच्या खाली सरकवली. अप्पा रोज किल्ली मागायचे. भांडून नाही, सहज, ताटावर बसता बसता विचारल्यासारखं. मी रोज नवी थाप मारायचे. आज सापडत नाही, उद्या बघते.

मग डॉक्टरांना दाखवलं. अप्पांच्या जुन्या घराच्या बाजूलाच त्यांचा दवाखाना आहे. माझ्याहून तरुण बाई, बोलायला शांत. त्यांनी अप्पांना वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. काही जमलं, काही नाही. बाहेर येऊन मला म्हणाल्या की एवढ्यावरून आजाराचं नाव घ्यायची घाई नको. वयानं होणारं विसरणंही असू शकतं. जुन्या गोष्टी माणसाला खूप काळ धरून ठेवता येतात, नवीन टिकतंय का ते बघू. त्यांना आवडेल असं काहीतरी नवीन शिकवा, पावसाळा संपला की घेऊन या. एकटं राहायचं की नाही, सायकल द्यायची की नाही, ते तेव्हा ठरवू.

आता मी आहे गणिताची शिकवणी घेणारी. डॉक्टर काय म्हणाल्या आणि मी काय ऐकलं यात फरक पडणारच. मी ऐकलं ते असं, की पावसाळ्यानंतर परीक्षा आहे आणि अप्पा पास झाले तर घरी जाणार, नापास झाले तर नाही. माझ्या हाताखालून कितीतरी काठावरची पोरं पास होऊन गेलीत. स्वतःच्या बापाला मी नापास होऊ देणार नव्हते.

प्रश्न होता अभ्यासक्रमाचा. मोबाइल शिकवून बघितला, अप्पांनी तो उलटा धरून टेबलावर ठेवून दिला. आकड्यांची कोडी दिली, तर त्यावर चष्मा ठेवून झोपले. तेवढ्यात पुण्याला शिकणारी माझी मुलगी सुट्टीवर आली आणि तिच्या बॅगेतून पत्त्यांचा कॅट निघाला. हॉस्टेलवर त्या सगळ्या पोकर खेळतात म्हणे. पैसे लावून का, हे मी लगेच विचारलं. बिस्किटं लावून, असं ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. तिचंच डोकं, की आजोबांना हे शिकवावं. आजोबांच्या घरात कधी पत्तेच नव्हते, म्हणजे त्यांना हे सगळं नवीनच असणार.

खरंच नव्हते. अप्पांनी घरात पत्त्याचं पान येऊ दिलं नाही. मी लहानपणी बदाम सात खेळले ते मावशीकडे, तेही अप्पांना न सांगता. त्यामुळं कॅट बघून ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी कॅट हातात घेतला, पानांच्या कडा अंगठ्यानं सरसर वाजवल्या आणि असा पिसला की मुलगी बघतच राहिली. मी तिला म्हणाले, मागाच्या तुटलेल्या धाग्याला चालत्या मशीनवर गाठ मारणारी बोटं आहेत ती. त्यापलीकडे माझं डोकं काही गेलं नाही.

मुलीनं आम्हा दोघांना पलंगावर समोरासमोर बसवलं, मध्ये चादर ताणली आणि शिकवायला लागली. हातात पाच पानं. ज्याच्या पानांची जुळणी मोठी तो जिंकला. काहीच जुळत नसेल तर हातातलं मोठं पान बघायचं, एक्का सगळ्यांत वर. त्याहून मोठी एक जोडी, म्हणजे दोन राण्या, दोन सत्त्या, काहीही. त्याहून दोन जोड्या. त्याहून तीन सारखी पानं. त्याहून ओळ, म्हणजे लागोपाठची पाच पानं, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी, मग ती बदामाची असोत की किलवरची. ओळीच्या वर एकरंगी, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची, आकडे कुठलेही. एकरंगीच्या वर तिचं ते फुल हाऊस, तीन सारखी आणि एक जोडी. मी त्याचं नाव भरलं घर ठेवलं. त्यावर चार सारखी. त्यावर लागोपाठची शिवाय एकाच रंगाची ओळ, आणि सगळ्यांच्या डोक्यावर हीच ओळ दश्शीपासून एक्क्यापर्यंत.

मला हे फार आवडलं. पाठ करायचं कामच नव्हतं. जी जुळणी हातात क्वचित येते ती मोठी, जी सारखी येते ती लहान. एवढं कळलं की सगळी उतरंड आपोआप कळते. मी अप्पांना हे समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुलगी पुण्याला गेली आणि आमचा अभ्यास सुरू झाला, रोज दुपारी, शिकवणीची पोरं यायच्या आधी.

मी चादरीवर दोन हात मांडायचे आणि विचारायचे, कुठला मोठा. जोडी आणि दोन जोड्या, बरोबर. मोठं पान आणि जोडी, बरोबर. मग मी एकीकडे ओळ मांडायचे, दुसरीकडे एकरंगी. अप्पा ओळीवर बोट ठेवायचे.

"कलर कसा मोठा आसंल? रन मोठी."

मी सांगायचे की नाही अप्पा, एकरंगी मोठी. ते मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळीवर बोट. तीन एक्के मांडले की दुसरीकडे काय आहे हे ते बघायचेच नाहीत. भरलं घर असो, चार सारखी असोत, तीन एक्के मोठे. आणि एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी ही ओळ पोकरमध्ये सगळ्यांत लहान ओळ, तर अप्पांच्या मते ती जवळजवळ सगळ्यांत मोठी. मी रोज सांगायचे, ते रोज मान हलवायचे आणि रोज तेच चुकायचे.

भीती कशी वाढत गेली ते मला नीट आठवतं. आधी ती दुपारपुरती होती. मग स्वयंपाक करताना यायला लागली. आमटीत मीठ घातलं की नाही हे मला आठवेना, तेव्हा मी ओट्याला धरून उभी राहिले, वाटलं की हे आता माझ्यातही आलं. स्कूटरची किल्ली, गॅसचा नॉब, दाराची कडी, सगळं परत परत बघायचे. वर्गात पोरांना सूत्र लिहून देताना फळ्यावरचा माझा हात थांबायचा. अप्पांचं रक्त माझ्यात आहे आणि ज्या वाटेनं ते निघालेत तीच वाट माझ्यासाठी पुढं आखलेली आहे, असं मला दिवसाढवळ्या वाटायचं.

आणि मी भ्याले की मला राग येतो. हा माझा जुना स्वभाव. माझा आवाज चढायला लागला. "काल सांगितलं ना", "लक्ष कुठंय तुमचं", हे मी ज्या सुरात नापास पोरांना म्हणते त्याच सुरात अप्पांना म्हणायला लागले. ते पानं गोळा करून कॅट सारखा करायचे आणि माझ्यापुढं ठेवायचे.

अशीच एक संध्याकाळ. माझा नवरा माढ्याच्या एका बँकेत आहे, रोज जाऊन येऊन असतो. तो दारात बसून मोजे काढत होता आणि माझं चाललं होतं. अप्पांनी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं, मी पुन्हा कपाळावर हात मारला. नवरा हसायला लागला. मला जीव नकोसा झाला. तो म्हणाला, "अगं, ते बरोबर सांगतायत. तीन पत्तीत असंच असतं."

मला तीन पत्ती येत नव्हती. त्याला चांगली येत होती, लग्नानंतर एवढ्या वर्षांनी कळलेली ही एक गोष्ट. त्यानं पलंगावर बसून सांगितलं. तीन पत्तीत पानं तीनच. तिथं सगळ्यांत मोठी ट्रेल, म्हणजे तीन सारखी. मग एका रंगाची रन, मग साधी रन, तिच्याखाली कलर, मग जोडी. आणि एक्का, दुर्री, तिर्री ही रन पहिल्या नाही तरी दुसऱ्या नंबरची. अप्पांच्या सगळ्या चुका एका खेळात बरोबर होत्या. मला गणितही लगेच दिसलं. पानं तीन असली की रन लागणं कलरपेक्षा अवघड, पाच झाली की उलटं होतं. म्हणजे दोन्ही उतरंडी खऱ्या. आणि हे मला आधी कळायला हवं होतं. ज्या पोराला काहीच येत नाही ते रोज वेगळं चुकतं. रोज एकच चूक करणाऱ्यानं दुसरं काहीतरी पक्कं शिकलेलं असतं. हे मी पालकांना सांगत असते.

अप्पा मान खाली घालून बसले होते, चोरी पकडल्यासारखे. मग हळूहळू बोलायला लागले. कारखान्यात लाइट जायची. लाइट गेली की माग बंद, पंखे बंद, पाळी संपेपर्यंत घरीही जाता येत नाही. मग टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर बसून सगळे तीन पत्ती खेळायचे. पैसे नाहीत, कांड्या लावायच्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. लाइट आली की सगळ्या कांड्या परत पेटीत, जिंकलेल्याच्याही आणि हरलेल्याच्याही. आमच्यापासून का लपवलं, विचारलं तर म्हणाले, पोरंबी खेळाय बसली आसती मग. आईला ठाऊक होतं का, विचारलं तर नुसते हसले.

त्या संध्याकाळी मी खुशीत शिरा केला. अप्पांच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही, ते जन्मभर खेळलेल्या खेळाला धरून आहेत, एवढंच. नवऱ्यानं दोन वाट्या खाल्ला. भांडी विसळताना मात्र डॉक्टरांचं वाक्य मला आठवलं आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. जुन्या गोष्टी माणसाला खूप काळ धरून ठेवता येतात, नवीन टिकतंय का ते बघू. तीन पत्ती जुनी होती. म्हणजे इतक्या दुपारी मी शिकवलेलं काहीच टिकलं नव्हतं. भीती कुठं गेलीच नव्हती, शिरा खाऊन तिथंच बसली होती.

मग मी जास्तच मागे लागले. आता निदान चूक कुठली ते कळलं होतं. अप्पा, तीन पत्ती विसरा, ही पाच पानांची गोष्ट आहे. विसरा, हा शब्द मी त्यांना वापरला, हे मला आता आठवतं तेव्हा कसंतरी होतं. पाऊस पडून गेला, गणपती आले आणि गेले, आणि अप्पांची उत्तरं बदलायला लागली. एके दिवशी एकरंगीवर बोट ठेवलं. मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी ओळीवर. तिसऱ्या दिवशी जोडी उचलून तीन सारख्यांच्या वर ठेवली, जी कुठल्याच खेळात बसत नाही. आणि बोट ठेवायच्या आधी ते पानांकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

आधी निदान एक उतरंड त्यांच्या डोक्यात शाबूत होती. ती मीच हलवली की काय, असं वाटायला लागलं. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, पत्त्यांनी कुणाचं डोकं बिघडत नाही, झोप. मला झोप आली नाही.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि येईल तेव्हा उठावं लागतं. त्या खेपेला ते पहाटे सुटलं. मी मोटर लावली आणि बादली घेऊन मागं जाताना अप्पांच्या खोलीत दिवा दिसला. दार अर्धवट लोटलेलं होतं. अप्पा पाठमोरे पलंगावर बसले होते. पुढं चादरीवर पानं मांडलेली. एकेका ढिगावर बोट ठेवत ते पुटपुटत होते. त्यांचं बालपण मैंदर्गीकडचं, त्यामुळं स्वतःशी एक, दोन, तीन मोजताना ते कानडीतच मोजतात. वंदू जोडी, यरडू जोडी, मूरू सारखी. मूरू सारखी. मूरू सारखी. तिथून पुढं काही येत नव्हतं. त्यांनी पानं गोळा केली, पिसली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतली.

माझ्या हातातली बादली दाराला लागली. अप्पांनी दचकून बघितलं आणि एका झपाट्यात सगळी पानं चादरीखाली लोटली. कॉपी पकडलेल्या पोराचा असतो तसा चेहरा. "पाणी आलं व्हय?" म्हणाले.

मी बादली तिथंच ठेवली आणि पलंगावर बसले. चादरीच्या कडेखालून किलवरची राणी बाहेर डोकावत होती. एवढे दिवस मी माझे शब्द वापरत होते, ओळ आणि एकरंगी. त्या पहाटे पहिल्यांदा त्यांचे वापरले.

"अप्पा, कलर मोठा की रन?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला कंचं पायजे?"

एवढं घाबरलेलं माणूस मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते माझे वडील होते, आणि ते मला घाबरले होते. मी म्हणाले, मला काही नकोय, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

"मला रन मोठी वाटती. तू सांगतीस ते बी खरंच आसंल. तू म्होरं बसलीस की डोस्क्यात आसतंय, तू भाईर गेलीस की जातंय. धरून ठेवाय बगतो, न्हाय ऱ्हात." मग ती राणी आत सारत म्हणाले, "तुजं त्वांड बगितलं की मला लई भ्या वाटतंय. तू भ्यालीस म्हंजे कायतरी वंगाळच झालं आसंल मला."

मी म्हणाले, मला फार भीती वाटते अप्पा. त्यांनी मान हलवली. मलाबी, म्हणाले. वर टाकी भरून पाणी गच्चीवर वाहायला लागलं होतं, त्याचा आवाज आम्हाला दोघांनाही येत होता. पाण्याच्या थेंबाथेंबावरून शेजाऱ्यांशी भांडणारी मी, पण मोटर बंद करायला उठले नाही.

त्यानंतर पोकर बंद. दुपारची वेळ मात्र मी तशीच ठेवली आणि अप्पांनी मला तीन पत्ती शिकवली. कांड्या कुठून आणणार, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचो. त्यांना सगळ्यांत आवडायचं ते ब्लाइंड खेळायला. वाटलेली पानं चादरीवर पालथी ठेवायची, बघायचीच नाहीत, आणि एकेक चिमटा पुढं सरकवत राहायचं. चेहऱ्यावर काही म्हणून दिसू द्यायचं नाही. मला ते सहन व्हायचं नाही. मी माझी पानं लगेच उचलून बघायचे आणि थोड्याच वेळात शो मागायचे. समोरचा ब्लाइंड असताना तो मागता येत नाही म्हणे, पण अप्पा मला चालवून घ्यायचे. शो मागणं म्हणजे दोघांनी पानं उघडी करून निकाल लावणं. अप्पा पानं उलटायचे, बहुतेक वेळा त्यात काही नसायचं, आणि मी थोडी थांबले असते तर जास्त चिमटे जिंकले असते. ते म्हणायचे, "भित्र्याला शो लौकर लागतो."

पावसाळा संपला आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी काही तयारी करून घेतली नव्हती. त्यांनी पुन्हा वार विचारला, चित्र काढायला दिलं, शब्द सांगितले. मग विचारलं, काय आजोबा, नवीन काय शिकलात? मी जमिनीकडे बघत राहिले. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिनं लई शिकवलं, डॉक्टर. न्हाय ऱ्हायलं डोस्क्यात. शिकवणारीची चूक न्हाय."

डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं. जपून घेतलं, पण घेतलं. गोळ्या लिहून दिल्या, आणखी तपासण्या सांगितल्या, आणि आता एकटं राहायला नको असं म्हणाल्या. मी इतके महिने ज्याला भीत होते ते असं भर दुपारी, पंख्याखाली, साध्या आवाजात आलं. अप्पांनी शर्टाची बटणं लावली. जिना उतरताना म्हणाले, "सायकलची किल्ली ऱ्हाऊ दे तुज्यापाशीच." म्हणजे माझ्या सगळ्या थापा त्यांना आठवत होत्या.

ते स्कूटरवर मागं बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. वाटेत अक्कलकोट रोडकडे वळायचा चौक लागतो. सिग्नल लाल होता, मी थांबले. तेव्हा अप्पा मागून म्हणाले, "हितनं वळव. पाळी चुकंल."

मी आरशात बघितलं. त्यांचा चेहरा पानं न बघता चिमटा पुढं सरकवताना असतो अगदी तसाच होता. गंमत करतायत की खरंच पाळीला निघालेत, मला ओळखता येईना. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. वळून विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. मी गाडी सरळ घेतली, घराकडे, आणि शो मागितला नाही.